श्रावणातली मुकी घंटा

मी देवाशी गोड बोलणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. डोळे मिटून बसल्यावर ज्यांना दर्शन घडतं त्यांचं मला कौतुक वाटतं, पण माझ्या वाट्याला ते कधी आलं नाही. मला जे काही घडलं ते भांडता भांडता घडलं, आणि तेही एका कुत्र्यापायी. म्हणून इतकी वर्षं कुणाला सांगायला धजले नाही. लोक हसतील याची भीती नव्हती, हसलेच होते ते. पण देवाच्या गोष्टीत कुत्रं कशाला, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते, आणि मग गोष्ट राहिलीच असती बाजूला.

आमची भाजीची आणि फुलांची बाडी अकोल्याला, मोर्णेच्या काठी, जुन्या शहराच्या खालच्या अंगाला. बांधाला लागूनच महादेवाचं देऊळ. पहिल्या तोडीची फुलं महादेवाला, मग उरलेली बाजाराला, हा रिवाज माझ्या आजेसासऱ्यांपासूनचा. हार माझे मालक ओवायचे. त्यांचे डोळे चाळिशीतच गेले. ना देवी आल्या, ना कुठे मार लागला, नुसतं धुकं दाटत गेलं आणि एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "आज ऊन निंगालं नाई का वं?" त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं.

त्यानंतर दोन वर्षं ते बाजेवरून उठले नाहीत. उठवलं भुऱ्यानं. भुऱ्या म्हणजे आमचं गावठी कुत्रं, बांधावर सापडलेलं. बाडीत अरुंद पाट, निसरडे बांध, मधोमध उघडी विहीर. अशा जागी आंधळ्या माणसानं पाऊल टाकायचं कसं? पण भुऱ्या त्यांच्या पुढे अर्धं पाऊल चालू लागला. आम्ही त्याच्या गळ्यात मोटेच्या जुन्या चामड्याची वादी बांधली, ती धरून हे बाडीभर हिंडायला लागले. झेंडू खुडायचे, हार ओवायचे, आणि सकाळ-संध्याकाळ देवळाची घंटा वाजली की हार घेऊन महादेवाला जायचे. घंटा म्हणजे निघायची वेळ, हे मीच भुऱ्याला गूळ देऊन देऊन शिकवलं होतं. घंटेचा पहिला टोला पडला की असेल तिथून धावत यायचा आणि यांच्या धोतराचा सोगा दातात धरून ओढायचा. तेव्हा मला माझ्या अकलेचा फार अभिमान वाटे.

मग एका उन्हाळ्यात तो खोकू लागला. आधी वाटलं, घशात हाड अडकलं असेल. पुढे विहिरीपर्यंत जाताना तीनदा बसायला लागला, पोट फुगलं, बरगड्या वर आल्या. शेजारपाजारचे म्हणाले, कुत्रं ते, दुसरं आण. मी विचारलं, तुमच्या डोळ्यांत पडदा आला तर दुसरे डोळे कोणत्या बाजारातून आणणार? आणि त्याच सकाळी भुऱ्याला टोपलीत घातलं, टोपली डोक्यावर घेतली आणि नदीपलीकडच्या ढोरांच्या दवाखान्याला निघाले. वांग्यांचं टोपलं रोज वाहणाऱ्या बाईला कुत्र्याचं काय ओझं! सबंध जुन्या शहरातून माझी वरात निघाली. एकानं ओरडून विचारलंसुद्धा, "माय, हे कोणती भाजी व्हय?" मी म्हटलं, "तुह्या घरी शिजणार नाई ते, जा पुढे."

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी भुऱ्याच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, नळीतून पाहिला आणि मलाही पाहायला लावलं. त्या थेंबात धाग्याएवढे जीव वळवळत होते. "बाई, ही पिल्लं आहेत," ते म्हणाले, "मोठे जंत त्याच्या हृदयात आहेत. मूठभर शेवया कोंबाव्यात तसे. डासांमुळे होतो हा रोग." मी विचारलं, औषध आहे का? ते जरा घुटमळले. औषध होतं. सेमाडोहच्या जंगलातल्या कुणा साहेबाच्या शिकारी कुत्र्यासाठी मुंबईहून मागवलेलं होतं, आणि ते येऊन पोचायच्या आधीच ते कुत्रं मेलं होतं. पेटी तशीच फळीवर पडून होती. "पण गावठी कुत्र्याला आजवर कुणी दिलेलं नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "त्याच्या हृदयावर गावठी म्हणून लिहिलेलं दिसलं काय तुमाले?" डॉक्टर हसले आणि त्यांनी पेटी खाली काढली.

तिथे एक म्हातारे कंपाउंडर चाचा होते, जुन्या शहरातलेच. सुई उकळताना मला धीर देत म्हणाले, "घाबरू नको बेटी. डोळ्यांत सुरमा घालतो ना आपण, त्याचाच धातू हाये याच्यात. मालकाच्या डोळ्यांसाठी कुत्र्याले सुरमा देऊन राह्यलो, असं समज." त्यांचं हे बोलणं मला फार लागलं. वाटेत मी रडले, टोपली डोक्यावर असल्यानं डोळे पुसताही येईनात.

दर तिसऱ्या दिवशी एक सुई. सुई झाली की भुऱ्या ओकायचा, दिवसभर मान टाकून पडायचा. पण डॉक्टरांनी मला बजावलेली गोष्ट निराळीच होती. जंत मरतील, पण बाहेर पडणार नाहीत. त्यांचे तुकडे होऊन ते फुप्फुसात जातील आणि हळूहळू विरतील. तोवर कुत्रं पळता कामा नये, उसळता कामा नये. सुया संपल्यावर तर महिनाभर अधिकच जपायचं. एखादा तुकडा अडकला की श्वास बंद. "औषध माझं, शांतता तुमची," ते म्हणाले होते.

आणि आमच्या बांधाला घंटा! चौथ्या सुईच्या संध्याकाळी देवळात टोला पडला तसा भुऱ्या दोर तोडून यांच्याकडे धावला, धोतर तोंडात धरलं आणि तिथेच कोसळला. तोंडातून रक्त आलं. मालक जमिनीवर हात फिरवत त्याला शोधत होते. मी त्याला मांडीवर घेतलं, तो कसाबसा श्वासावर आला, आणि मी तशीच रक्ताच्या लुगड्यानं देवळात गेले.

"गुरवबाबा, महिना दीड महिना घंटा बंद ठेवा," मी म्हटलं.

गुरवबाबा चांगले माणूस होते, पण त्यांना आधी वाटलं मला वेड लागलं. "काहून वं? कुत्र्यासाठी देवाले मुकं करतं काय?"

"मुकं देवाले कोण करते? तो तसाही कधी बोलला हाये? यांचे डोळे जाऊन राह्यले होते तवा मी अठी रोज नाक घासलं. बोलला काय तो?"

"असं बोलू नये बाई. घंटेबगर पूजा होत नाई."

"मंग फुलांबगरही करून पाहा," मी म्हटलं आणि परत आले.

दुसऱ्या दिवसापासून मी हार बंद केला. तीन पिढ्यांत पहिल्यांदा आमच्या बाडीची फुलं महादेवाला गेली नाहीत. जातीतले चार जण समजावायला आले, नणंद नांदगाव पेठेहून आली, पाप लागेल म्हणाली. मी म्हटलं, लागू दे, मी टोपल्या वाहणारी आहे, तेही वाहीन. देवळाच्या बाजूला पाठ करून झेंडू खुडायची आणि मनातल्या मनात त्याला सुनावायची. तू गळ्यात नाग घालून बसतोस, नंदी दाराशी ठेवतोस, राख फासतोस, आणि माझ्या दारातलं एक जनावर तुला जड झालं का? खरं सांगायचं तर इतकं मी देवाशी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पूजा करताना मन कुठेही भटकायचं. भांडताना मात्र तो सारखा समोर असायचा.

घंटा वाजतच राहिली. आम्ही त्यातून वाट काढली. आरतीच्या वेळेआधी भुऱ्याला आतल्या खोलीत न्यायचं, कानांत कापूस घालायचा, मालकांनी त्याला कुशीत घेऊन बसायचं आणि मी दार लावून बाहेर पितळी परात बडवायची, म्हणजे घंटा ओळखू येऊ नये. तरी तो थरथरायचा, धडपडायचा. पण दिवसातून दोनदा एवढं निभावत होतं. सुया संपल्या. आणि समोर पहिला श्रावणी सोमवार आला. त्या दिवशी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत रांग असते आणि प्रत्येक जण घंटा वाजवतो. दिवसभर परात बडवून भागणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता जंतांचे तुकडे सुटलेत, टोपलीतून दुसरीकडे नेलं तर धक्क्यानंच जाईल.

मी ठरवलं. पहाटे अंघोळ केली, रिकाम्या हातानं देवळात गेले आणि घंटेच्या खाली मांडी घालून बसले. कुणाला वाजवू द्यायची नाही. फार तर मारतील. गुरवबाबांनी पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि आत निघून गेले.

रांगेतली पहिलीच बाई म्हातारी होती. ओलं लुगडं, हातात तांब्या, खेड्यावरची असावी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिनं घंटेकडे हात नेला तशी मी ओरडले, "हात लावायचा नाई!" आवाज माझाच मला ओळखू आला नाही. ती रागावली नाही. तिनं विचारलं, "काहून वं माय?" एवढा साधा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता. सगळे सांगायलाच आले होते. मी तिला सगळं सांगितलं. यांचे डोळे, भुऱ्या, शेवयांएवढे जंत. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग हात वर केला, घंटेच्या आतला लोळा मुठीत धरला, जराही आवाज होऊ न देता कपाळ त्या मुठीला टेकवलं आणि हात अलगद सोडला. मागच्या माणसाकडे वळून म्हणाली, "वाजवू नको बाप्पा. बाजूले आजारी जीव निजला हाये."

त्यानं तसंच केलं. त्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. मी पाहत होते, ते वाक्य रांगेतून मागे मागे जात होतं, नदीच्या पायऱ्यांपर्यंत. कुणी कुरकुरलं नाही असं नाही, एक जण हसलाही. पण दिवसभर एकेक माणूस येत होता, लोळा मुठीत धरत होता, सोडत होता. माझ्या डोक्यावर ती घंटा नुसती हलायची. दुपारपर्यंत मी बसल्या जागी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

संध्याकाळी आरतीला गुरवबाबा बाहेर आले. घंटेच्या दोराला त्यांनी हात घातला. माझ्याकडे पाहिलं. मग दोर खांबाला गुंडाळून ठेवला आणि टाळ्या वाजवत आरती सुरू केली. सगळं देऊळ टाळ्यांवर गात होतं. पुढेही दोर तसाच राहिला. त्या म्हातारीला मी नंतर प्रत्येक सोमवारी शोधलं, आसपासच्या खेड्यांत विचारलं. ती कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यावर काही म्हणत नाही. दुसऱ्या दिवसापासून हार मात्र पुन्हा सुरू केला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण भादव्यात डॉक्टर स्वतः बाडीवर आले, भुऱ्याच्या छातीला नळी लावली आणि म्हणाले, "मोकळा झाला. आता चालवा त्याला." मी मान हलवली आणि त्याला तसाच बांधून ठेवला. आज नको, उद्या. गुरवबाबा विचारायचे, आता वाजवू काय? मी म्हणायची, आठ दिवस थांबा. त्यांनी दोनदा आठ दिवस थांबून घेतलं. भुऱ्या अंगानं भरला, दोराला ताण देऊ लागला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ते रक्तच होतं.

शेवटी एका सकाळी मालक हार ओवता ओवता म्हणाले, "आता त्याचा आजार नाई राह्यला. आता हे तुह्यं भेव हाये."

मी त्यांच्यावर तडकले. तुमाले दिसत नाई, मले दिसते, असंही बोलून गेले. त्यांनी चाचपडत भुऱ्याच्या गळ्याचा दोर सोडला आणि म्हणाले, "देवाशी भांडणं तुले येते. भरोसा टाकणं येते काय?"

मी देवळात गेले. गुरवबाबांनी माझा चेहरा पाहिला, खांबाचा दोर सोडला आणि माझ्या हातात दिला. मी महादेवाकडे पाहिलं. नवस बोलले नाही, अट घातली नाही, शिवी दिली नाही. नुसतं म्हटलं, घे. आणि टोला दिला.

बाडीकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. देवापुढे डोळे मिटूनच उभी होते, आयुष्यात पहिल्यांदा. मग पायरीवर पावलं ऐकू आली. चार हलकी, आणि त्यांच्यामागे अर्ध्या पावलावर दोन जड. ताज्या झेंडूचा वास आला, आणि मालक म्हणाले, "सरक वं बाजूले, देवाले हार घालू दे."