पदराखालचा हात

राजापेठेतल्या एका वृद्धाश्रमात मी दर महिन्याला तपासणीसाठी रक्त घ्यायला जातो. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असली की ही तपासणी लागतेच, तिच्यावरून डॉक्टर गोळी कमी-जास्त करतात. रिपोर्ट जातो मुलांच्या मोबाइलवर. म्हाताऱ्यांना कोणी काही सांगत नाही.

एकदा वलगावकडच्या एका आजीनं सुई पाहताच हात पदराखाली घेतला. जन्मभर भाजीचा मळा केलेला, खरबरीत हात.

"मांगच्या खेपेले किती आलं होतं?"

"मुलाला कळवलंय, आजी."

"रगत माह्यं, गोयी खाची मले, अन् सांगता पुण्यातल्या पोराले?"

शेजारी उभा असलेला आश्रमाचा मॅनेजर हसला. "तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"नाई कयलं त इचारीन. आंदी सांगा त खरं."

मला उशीर होत होता, राग आला होता. तरी मोबाइल काढून पाहिला. "अडीच आलं होतं. चांगलं आहे."

"मंग घ्या," म्हणत तिनं हात पुढं केला.

पुढच्या महिन्यात गेलो, तर सारे व्हरांड्यात रांगेनं बसलेले. बायांचे हात पदराखाली, आजोबांचे खिशात.