परग्रहावरच्या माणसाला तुरीची काळजी

गावाचं नाव सांगत नाही. महागाव तालुक्यात आहे, एवढं पुरे. माणसांची नावंही मी बदलली आहेत. का बदलली ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. माझी बायको कुंदा म्हणते, तुम्हाला देवानं दर्शन दिलं तरी तुम्ही त्याला रेशनकार्ड मागाल. पण कृषी सहायकाच्या नोकरीत वीस वर्षं काढली की माणूस दुसरं काय होणार? शेतकरी म्हणतो पेरलं, जाऊन बघावं तर रान पडीक. दुकानदार म्हणतो बियाणं अस्सल, आणि उगवतं भलतंच. शिवाय आमचं घराणं यवतमाळचं; आजोबा कचेरीत, वडील कचेरीत. कागदावर विश्वास आणि माणसावर संशय, हे मी घरातूनच शिकून आलो.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, आणि तेही एकाच कारणासाठी. गावात सरकारी पांढरी गाडी शिरली की लोक आपसूक चेहरे लांब करायला शिकले होते. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात आम्हाला छापील अर्ज देऊन घरोघर पाठवलं. कोणत्या घरात माणूस खचलाय, कोण जिवाचं बरंवाईट करून घेईल, ते हुडकायचं होतं. प्रश्न असे: घरातलं कोणी एकटं बसतं का? स्वतःशी बोलतं का? विनाकारण हसतं का? हा अर्ज ज्यानं लिहिला त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

त्या फेरीत रामराव सापडला. वय पंचेचाळीस, नऊ एकर रान, कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. कुणाचं काही देणं नाही. मी गेलो तेव्हा तो गोठ्यात पालथ्या टोपल्यावर बसून, बियाणं कंपनीच्या पोस्टरच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत होता आणि एकटाच खुदुखुदु हसत होता. बैलाकडे बघून एक वाक्य मोठ्यानं म्हणाला आणि पुन्हा हसला. म्हणजे तिन्ही प्रश्नांवर एका दमात खूण.

त्याची बायको शकुबाई दारात उभी होती. तिला विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, पाच महिने झाले. जेवतात का? जेवतात. झोपतात का? झोपतात. मग काळजीचं काही नाही ना, असं विचारलं तर तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि सुपातले गहू पाखडायला लागली. मी ते लक्षात ठेवलं.

काय लिहिता, असं रामरावला विचारलं तर म्हणाला, गोष्ट. मी मनात म्हटलं, हो का? त्या साली बियाण्याच्या तक्रारी चालू होत्या, आणि पंचनाम्याला उशिरा गेलो म्हणून दोन गावांनी माझंही नाव वर कळवलं होतं. हा बाबा माझ्याविरुद्धच लिहीत असणार, अशी माझी खात्री झाली. त्याचं नाव ‘लक्ष ठेवावे’ या रकान्यात टाकलं. कारण एक दाखवलं, पोटात दुसरंच होतं. आता लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

तर दर मंगळवारी मी त्याच्याकडे जायला लागलो. तो चहा पाजायचा आणि लिहिलेलं वाचून दाखवायचा. गोष्ट होती टुंबा नावाच्या माणसाची. टुंबा परग्रहावरचा. त्याचं यान ऐन वेचणीच्या दिवसांत एका कापसाच्या रानात उतरतं. अंग पांढरं आणि मऊ, त्यामुळे वेचणाऱ्या बाया त्यालाही गाठोड्यात बांधतात, आणि खरेदी केंद्रावर त्याला चांगली प्रत मिळते. रानात यान उभं ठेवायचं तर तलाठी सातबारा मागतो आणि ‘मूळ गाव’ या रकान्यापाशी दोघांची तासभर हुज्जत होते. यान विजेवर चालतं. पण भारनियमनामुळे ते कधी पुरतं चार्जच होत नाही. टुंबा मोटरच्या पेटीपाशी शेतकऱ्यांच्या रांगेत बसून राहतो. आणि या सगळ्यात तो भागीरथा नावाच्या वेचणाऱ्या बाईच्या प्रेमात पडतो. त्याच्या ग्रहावर प्रेम बोलत नाहीत, मोजतात. हा बिचारा तिच्यामागे काटा घेऊन फिरतो आणि ती म्हणते, आधी माझा कापूस मोज.

मी हसलो नाही. आतून हसू येत होतं, पण शर्टाच्या खिशात अर्ज होता. शिवाय मला ते पटेना. नऊ एकराचा धनी, दोन हंगाम बोंडअळीनं खाल्लेले, आणि हा परग्रहावरच्या माणसाचं लग्न जमवतोय? यात नक्की काहीतरी दडलंय.

चौथ्या मंगळवारी रामराव बैलाला पाणी दाखवायला गेला तेव्हा मी त्याच्या गठ्ठ्यात हात घातला. वरचे कागद नाही, मधलाच ओढला. पोत्याच्या मधलं बियाणं बघायची आमची सवय. तो कागद बाकीच्यांसारखा नव्हता. जुन्या वहीचं पान होतं. त्यावर लिहिलं होतं:

‘प्रिय भागीरथा, मी चाललो. माझी वाट पाहू नको. इथं माझं मन लागत नाही, यात तुझा काही दोष नाही. तूर सोंगायला आली आहे, तेवढी वेळेवर सोंगून घे. बैल रामसिंगला दे, तो जनावराला मारत नाही. मागून रडू नको.’

भागीरथा हे नाव दुसऱ्या शाईनं लिहिलेलं होतं. त्याखाली काहीतरी खोडलेलं होतं, इतकं गच्च की वाचता येईना. आणि रामसिंग तर रामरावचा खराखुरा शेजारी. परग्रहावरच्या माणसाला तुरीच्या कापणीची काय पडली आहे?

मी तो कागद खिशात घातला आणि थेट सरपंचाच्या घरी गेलो. पुढं जे झालं ते अर्ध्या दिवसात झालं. फवारणीचं औषध कुलपात गेलं. विहिरीवर माणूस बसला. रामरावबरोबर शेतात जायला पाळी लागली. त्याला यवतमाळला डॉक्टरकडे नेलं. तो सगळ्यांना सांगत होता की अरे, ती टुंबाची चिठ्ठी आहे, गोष्टीतली आहे. लोक मान डोलवत आणि डोळे पुसत. असं सगळेच म्हणतात, असं रामसिंगही म्हणाला. एक पत्रकार आला, त्याला फोटो हवा होता. रामरावला म्हणाला, जरा गंभीर व्हा. रामरावला नेमकं हसू फुटलं. मी ते माझ्या अहवालात लिहिलं: विनाकारण हसतो. मूळ कागद पुरावा म्हणून अहवालाला टाचला.

त्यानंतर रामरावनं लिहिणं सोडलं. गठ्ठा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. एकटा बसेना, स्वतःशी बोलेना, हसेना. विचारलं की हो, नाही, ठीक. गाव म्हणालं, सुधारला. मीही रकान्यात ‘सुधारणा’ असं लिहिलं आणि मोठ्या समाधानानं सही केली.

पंधरा दिवसांनी शकुबाई एकटी महागावला आमच्या कार्यालयात आली. एसटीनं आली होती, हातात पिशवी, डोक्यावर पदर. मी खुर्ची दिली तर बसली नाही.

‘‘सायेब, थे चिठ्ठी द्या माही.’’

म्हटलं, बाई, ती सरकारी कागदाला लागली आहे. आणि तुम्ही काळजी करू नका, तुमचे मालक आता बरे आहेत.

‘‘बरे नाईत. तुमी त्याईले आजारी केलं.’’ मग ती हळू आवाजात बोलली. ‘‘थे चिठ्ठी तुमच्या आंधी मी पाह्यली. तुरीच्या दिवसात. डब्याखाली होती. तवा त्याच्यावर भागीरथा नव्हती सायेब. माहं नाव होतं.’’

मी बाकीच्या टेबलांकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

ती सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. तिनं ती चिठ्ठी वाचली, चौथीपर्यंतची शाळा तेवढ्यापुरती कामी आली. पण तिनं आरडाओरडा केला नाही, माहेरी निरोप पाठवला नाही. संध्याकाळी तो घरी आल्यावर चिठ्ठी त्याच्यापुढं धरली आणि वरच्या नावाचा विषयही न काढता इतकंच विचारलं, हे कोणाचं पत्र आहे? रामराव गडबडला. म्हणाला, गोष्टीतलं आहे. कोणत्या गोष्टीतलं? आहे एक. कोण आहे हा, कुठं चाललाय? रामरावनं वर पाहिलं आणि तोंडाला येईल ते बोलला. म्हणाला, तो दुसऱ्या ग्रहावरचा आहे, परत चाललाय.

‘‘खोटं हाय हे मले तवाच कळलं,’’ शकुबाई म्हणाली. ‘‘पन मी इचारलं, मंग पुढं काय झालं? त्याईले सांगा लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्यांदा इचारलं. तवापासून मी रोज इचारतो. पुढं काय झालं, मंग काय झालं. मानूस रोज लिहू लागला, कावून का मले सांगा लागे. हसू लागला. आन् तुमी हसन्यावर खून केली.’’

मी विचारलं, पण त्यांना असं का वाटलं होतं, तुम्ही कधी विचारलं नाही?

‘‘नाई इचारलं. इचारलं असतं तं सांगतलं नसतं. म्हनून दुसरं इचारलं.’’

आमच्या छापील अर्जात बावीस प्रश्न होते. या बाईचा एकच होता, आणि तो आमच्या एकाही माणसाला सुचला नव्हता. माझा संशय खरा निघाला होता, याचं मला कणभरही सुख झालं नाही. सहा महिन्यांपूर्वीचं मरण मी बरोबर ओळखलं आणि सहा महिन्यांची औषधं फेकून दिली, असा तो हिशेब होता.

आता तिच्या विचारण्याचा उपयोग होत नव्हता. रोज विचारत होती. तो म्हणायचा, गोष्ट संपली. म्हणून ती माझ्याकडे आली होती. ‘‘ज्यानं बंद पाडली त्यानंच इचारा,’’ म्हणाली. ‘‘आन् मी आलतो हे सांगू नका. थे चिठ्ठी खरी होती हे मले मालूम हाय, हे त्याईले मालूम नाई.’’

मी अहवालाची टाचणी काढली. नोकरीत तेवढा एकच कागद मी फायलीतून काढला. दुसऱ्या दिवशी मंगळवार नसतानाही गेलो. रामराव ओसरीवर नुसता बसला होता. मी चिठ्ठी त्याच्यापुढं ठेवली आणि विचारलं, ‘‘टुंबा गेला का मग?’’

‘‘चौकशी करून राह्यले का सायेब?’’

‘‘नाही. अर्ज घरी ठेवून आलोय.’’ मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. ‘‘भागीरथेला ही चिठ्ठी मिळाली. पुढं काय झालं?’’

त्यानं तो कागद उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. आत शकुबाईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. मला भीती वाटत होती, खरी भीती, नोकरीची नव्हे. तो संपली म्हणाला असता तर माझ्याकडे दुसरा प्रश्न नव्हता.

‘‘गेला नाई,’’ रामराव म्हणाला. ‘‘निंघाला होता. यानात जाऊन बसला बी. पन लाईन गेली.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय. भारनियमन. बसला वाट पाहत. तवर भागीरथा आली आन् म्हने, बसलाच हायेस तं तूर सोंगू लाग.’’

मी हसलो. इतके मंगळवार दाबून धरलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रामराव माझ्याकडे संशयानं बघायला लागला, आणि मग त्यालाही फुटलं. त्या संध्याकाळी गठ्ठा माळ्यावरून खाली आला.

दीड वर्षानं यवतमाळच्या एका छोट्या प्रकाशकानं ती कादंबरी छापली. मुखपृष्ठावर टुंबाला हिरवं रंगवून शिंगं दिली म्हणून रामराव आठ दिवस त्याच्यावर चिडून होता. पुस्तकं आर्णीच्या बसस्टँडवर विकली गेली. आतापर्यंत पाच कादंबऱ्या झाल्या, सगळ्यांत टुंबा आहे, दर वेळी निघायला बघतो आणि दर वेळी काहीतरी होतं. कधी ट्रान्सफॉर्मर जळतो, कधी आचारसंहिता लागते. मोठ्या शहरातले लोक विचारतात, अशा जिल्ह्यात राहून तुम्ही विनोदी कसं लिहिता? रामराव म्हणतो, घरची विचारते म्हणून.

तिसरी कादंबरी आली तेव्हा आम्ही दोघं बांधावरून चाललो होतो. तो अचानक थांबला आणि म्हणाला, ‘‘सायेब, तुमाले एक सांगतो. थे चिठ्ठी पयले टुंबाची नव्हती. माहीच होती. शकुले सांगू नका. तिले वाटते का पयल्यापासून गोष्टच होती.’’

नाही सांगणार, असं म्हणालो. तिलाही तोच शब्द देऊन बसलो होतो. म्हणून नावं बदलली आणि गाव सांगितलं नाही.

घरी पोचलो तेव्हा शकुबाई चुलीपुढं चहा करत होती. आम्हाला बघून तिनं नेहमीसारखं विचारलं, ‘‘मंग, पोचला का टुंबा?’’ रामराव पाटावर बसला आणि सांगायला लागला. त्याच्या खांद्यावरून तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात तोंड घातलं, आणि तो दम घ्यायला थांबला तेव्हा मीच विचारलं, पुढं?