पुतळाबाईंचा बर्फ

दिवाळे गावच्या पुतळाबाईंकडे मासळी घ्यायला गेलं की भावाआधी कुरुमकुरुम ऐकू यायचं. बाई दिवसभर बर्फ चावत. मासळीवरचा नव्हे हो, खाण्याच्या बर्फाचा वेगळा डबा पाटीशेजारी असे. "बर्फाच्या कारखान्यातच दिलं असतं तुम्हाला तर सुखात राहिला असता," असं आम्ही गिऱ्हाइकं चिडवायचो, आणि बाई हसायच्या.

चांगली मासळी गिऱ्हाइकाला, उरलेली घरातल्या पुरुषांना, बाईंच्या ताटात भात आणि कालवणाचा रस्सा. जिना चढताना धाप लागे. "वय झालं," म्हणायच्या, पन्नाशी गाठली नव्हती तरी.

गेल्या वर्षी लेक स्नेहल पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि तिनेही बर्फ मागितला. बाईंना कोण आनंद. पोर आईवर गेली. डोहाळे तर पुरवलेच पाहिजेत. आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्यांनी स्नेहलला मळमळायचं. "नको तर नको खाऊ. बर्फानं बरं वाटतं ना तुला?" असं म्हणून बाई रोज डबा भरून घरी नेऊ लागल्या.

सातव्या महिन्यातच कळा आल्या. मूल एवढंसं झालं आणि दोन दिवसांत गेलं. स्नेहलला रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लोह कमी पडलं की रक्तातलं हिमोग्लोबिन घटतं. मग प्राणवायू पुरेसा पोचत नाही, आईलाही नि बाळालाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं होण्याचं ते एक कारण असू शकतं. सारखा बर्फ खावासा वाटणं ही लोह कमी असल्याचीच खूण. कुणाच्या लक्षात आलं नाही?"

लक्षात आलं होतं. कौतुकाने आलं होतं.

"माज्या हातानं दिला," एवढंच पुतळाबाई म्हणत राहिल्या. स्नेहल मात्र एका शब्दाने बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं, असं मला आजही वाटतं.

परवा गेले तर स्नेहल आईशेजारी बसलेली. भाव सांगता सांगता बाईंचा हात सवयीने डब्यात गेला. स्नेहलने मनगट धरलं.

"आये, माज्या गोल्या चालू हायेत. आता तुजं रगत तपासू."

"माजं काय ठेवलंय आता?"

"बाल गेलं माजं. आय पन घालवू का?"

बाईंच्या हातातला बर्फ तिथेच वितळत राहिला.