दादाच्या नावाची जास्वंद

फुलांच्या प्रदर्शनात फुलासमोर जे छोटं कार्ड उभं करतात, त्यावर मी माझ्या थोरल्या भावाचं नाव लिहिलं आणि नावाआधी 'कै.' लिहिलं. मुद्दाम नव्हे. हाताला वळणच पडलं होतं. दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात बँकेत, विजेच्या ऑफिसात, कारखान्याच्या पत्रांत, जिथे जिथे म्हणून त्याचं नाव लिहायची पाळी आली तिथे आधी 'कै.' आणि मग नाव. इथे मात्र ते नाव दादाचं नव्हतं, फुलाचं होतं. प्रदर्शनाचे अध्यक्ष, आमच्याच सेक्टरमधले एक निवृत्त इंजिनियर, हात मागे बांधून टेबलं बघत आले, आमच्यापाशी थांबले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कार्ड वाचलं.

"अहो, हे फूल जिवंत आहे ना?"

शेजारच्या टेबलावरच्या गुलाबवाल्या बाई फिसकन हसल्या. मीही हसलो, दुसरं काय करणार. कारकुनीत जन्म गेलेला, चूक झाली की ब्लेडने खरवडायची एवढं एकच शास्त्र ठाऊक. खिशात अर्धं ब्लेड असायचंच. पण कार्ड पातळ निघालं. 'कै.' गेलं आणि त्याच्या पाठोपाठ दादाच्या नावाचं पहिलं अक्षरही गेलं. भोक पडलेलं कार्ड खिशात कोंबून मी वहिनीला म्हणालो, "मी दुसरं घेऊन येतो. तोवर कुणी विचारलं तर तू सांग नाव."

वहिनीने मान हलवली. ती मान नकाराची होती, हे कळायला मला दुकानापर्यंत चालत जावं लागलं.

कारण वहिनीने दादाचं नाव कधी घेतलेलंच नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तेव्हा मी शाळेत होतो आणि माझं लक्ष जिलब्यांच्या परातीकडे होतं. त्यानंतर सगळा संसार 'अहो' आणि 'हे' यांवर झाला. दादा लांब कुठे गप्पा मारत उभा असला तर ती आमच्या पोराला पिटाळायची, "जा, काकांना म्हणावं पानं वाढलीत." नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. वहिनीने एवढं जपूनही दादाने काही पन्नाशी गाठली नाही.

आम्ही दोघे भाऊ वाशीत आलो ते सत्तरचं दशक संपता संपता. तळमजल्यावरची शेजारशेजारची दोन घरं, मागे दोघांत मिळून धोतराएवढी लांब-अरुंद जागा. मुंबईतले नातेवाईक आमच्याकडे येताना परगावी निघाल्यासारखे डबा घेऊन येत. दादा जवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात फिटर होता. कामावरून आला की चहाही न घेता तो मागे जायचा, जास्वंदींकडे.

जास्वंदी लावतात सगळेच, गणपतीला फूल हवं म्हणून. दादा त्यांची लग्नं लावायचा. सकाळी लवकर एका फुलातले पिवळे पराग काडीने उचलायचे, दुसऱ्या फुलाच्या टोकाला लावायचे आणि देठाला दोरा बांधून ठेवायचा.

"हा बाप, ही आई," तो मला समजावून सांगायचा.

"आणि तू?"

"मी भटजी. दक्षिणा नाही, नुसती कंबर मोडते."

नशीब असलं तर बोंड धरायचं, वाळायचं, मग बी, मग वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत रोपं. रोप फुलायला वर्ष, कधी त्याहून जास्त. आणि इतकं करून बहुतेक फुलं अशी निघायची की ना आईच्या वळणाची, ना बापाच्या. "आपल्यासारखीच," असं दादा माझ्याकडे बघून म्हणायचा. त्यांना मूल नव्हतं. त्यावर कुणी बोलायचं नाही. तो मात्र डब्यांवरून हात फिरवत म्हणायचा, "ही एवढी पोरं सांभाळतोय, आणखी कशाला."

त्यातलं एक रोप त्याने डब्यातून काढून जमिनीत लावलं. बाकीच्यांपेक्षा त्याचं खोड जाड होतं. "ह्याला मोकळं होऊ दे," म्हणाला. त्याच पावसाळ्यात त्याचा खोकला वाढला. कारखान्यातल्या निम्म्या लोकांना खोकला होता, त्यामुळे त्याला आजार म्हणायची पद्धत नव्हती. म्हणायची वेळ आली तेव्हा त्याला कारखान्याचा जिना चढवत नव्हता. इस्पितळाच्या खिडकीवरच्या माणसाने वहिनीला विचारलं, "पेशंटचं नाव?" वहिनी माझ्याकडे वळली. मागे रांग, दादा बाकावर वाकून बसलेला, आणि ती पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघतेय. मी नाव सांगितलं. पुढे प्रत्येक खिडकीवर मीच सांगत गेलो. शेवटच्या खिडकीवरही. तिथून बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "चला." रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडेल. पण दिवस झाले, महिना झाला, तरी नाही.

आणि मग जमिनीतलं ते रोप फुललं.

सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. तांबूस, मळकट, कडांना करडी झाक, मध्ये राखेसारखा डोळा. वहिनी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गंजलेल्या पत्र्यासारखं दिसतंय."

पण तसं फूल दुसऱ्या कुठे नव्हतं. अध्यक्ष मुद्दाम येऊन बघून गेले. म्हणाले, नवीन जात आहे, हिला नाव द्यायचा हक्क ज्याने तयार केली त्याचा. तो नसेल तर घरच्यांचा.

त्या रात्री माझी बायको भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "वहिनी आज काय म्हणाल्या सांगू? दिवसचे दिवस भावजींचं नाव कानावर पडत नाही म्हणाल्या. आधी पोस्टमन ओरडायचा, कारखान्याच्या गाडीचा माणूस कोपऱ्यावरून हाक मारायचा. आता जो तो 'ते', 'गेलेले'. मूल असतं तर त्याच्या नावामागे तरी लागलं असतं. पुसलंच म्हणाल्या नाव." मग तव्याकडे बघत, "त्या स्वतः घेऊ शकत नाहीत, आणि दुसरं कुणी घेत नाही."

म्हणून मी दुसऱ्या दिवशी वहिनीसमोर विषय काढला. जास्वंदीला दादाचं नाव द्यायचं.

"ह्या असल्या फुलाला?" ती म्हणाली. मग स्वतःच, "द्या. पत्र्यातच जन्म गेला ह्यांचा. पण भाऊजी, लोकांनी नाव घेतलं पाहिजे. नुसतं कागदावर नको."

आणि मी नेमकं कागदाचंच वाटोळं करून बसलो होतो.

त्या दिवशी रविवार. दोन्ही स्टेशनरीवाल्यांचं शटर खाली. हात हलवत हॉलवर परतलो तर आमच्या टेबलापुढे दहाबारा माणसं. नाव नसलेलं एकच फूल म्हटल्यावर लोक थांबून विचारणारच. "काय हो, काय नाव ह्याचं?" वहिनी कुणाकडे बघून हसत होती, कुणाला हाताने "थांबा, येतील" अशी खूण करत होती. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ऐकू येत नसेल बाईंना." आणि मग ओरडून, "नाव! नाव काय फुलाचं?"

मी गर्दीतून पुढे घुसत होतो. सांगून टाकणार होतो मीच. तेवढ्यात आमच्याकडे मासळी घेऊन येणारी करावेगावची कोळीण रिकामी पाटी काखेत घेऊन आत शिरली. बाजार संपवून सावलीला आली असावी. वहिनी दिसताच ती थेट टेबलापाशी.

"बाय, तू हितं? नि ह्या फुलाचा नाव काय गो?"

वहिनीने नजर खाली घातली.

"मुकी झालीस काय? परवा कोलंबीच्या वाट्याला माझा डोका खाल्लास!"

गुलाबवाल्या बाईंनी तिच्या कानाशी लागून हळू सांगितलं, पण हॉलभर ऐकू गेलं. "त्यांच्या मिस्टरांचं नाव ठेवलंय. त्या घेत नाहीत."

कोळणीने पाटी खाली ठेवली. एकदा फुलाकडे बघितलं, एकदा वहिनीच्या कपाळाकडे.

"दादल्याचा नाव? मंग घे ना. कोन रागं भरनार हाय आता? आयुश्य कमी होईल त्याचा?" आणि मग आवाज खाली आणून, "कमी व्हायला ऱ्हायलाय काय त्याचा?"

मला त्या बाईचा असा संताप आला की तिची पाटी उचलून बाहेर फेकावी. पण मी जागचा हललो नाही, कारण वहिनीने तोंड उघडलं होतं.

तिने दादाचं नाव घेतलं. नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. रेशनिंगच्या ऑफिसात साहेबापुढे सांगावं तसं, सपाट, एका दमात. आवाज तिचा वाटेना. कोळीण ते नाव आपल्या पद्धतीने पुटपुटली, म्हणाली, "ब्येस हाय," आणि पाटी उचलून पुढे गेली, डेलिया बघायला.

त्यानंतर वहिनी थांबेना. जो येईल त्याला नाव. न विचारणाऱ्यालाही नाव. एका लहान मुलीला तिने ते तीनदा म्हणायला लावलं, तेव्हा तिची आई तिला ओढून घेऊन गेली. अध्यक्ष माझ्याजवळ येऊन म्हणाले, "त्यांना जरा बसवा हो." बक्षीस गुलाबाला मिळालं. संध्याकाळी हॉल रिकामा होईपर्यंत आमचं फूल मिटलेल्या छत्रीसारखं होऊन पडलं होतं, आणि वहिनीचा घसा बसला होता.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मीही लोकांना सांगताना बऱ्याचदा इथेच संपवतो.

त्या दिवसापासून वहिनी झाडाला नावाने हाक मारू लागली. मागच्या दारी चूळ भरत उभा असलो की ऐकू यायचं. अमक्याला पाणी घातलं. अमक्याला कळी आली. आणि झाडाला काय, 'अहो' थोडंच म्हणतात? अरे-तुरे. "काय रे, पानं का टाकतोस? काय धाड भरलीय तुला?" जन्मभर ज्याच्यापुढे पदर सावरला त्याला ती आता कंबरेवर हात ठेवून झापत होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या बायकोच्या हातातली पळी आमटीतच राहिली. मला हसू आलं, पण ते बाहेर पडलं नाही.

पानं खरंच गळत होती. आमची सगळी वसाहत खाजणावर मुरूम टाकून उभी केलेली. पाऊस पडत असतो तोवर जमीन गोड वागते, उन्हं तापली की खालचं खारं वर येतं. डब्यातल्या झाडांना त्याचं काही नाही. दादाने मोकळं व्हायला म्हणून जमिनीत लावलेलं, त्याने पहिला उन्हाळा कसाबसा काढला होता, ह्या खेपेला ते एकटं त्यात सापडलं. पानांच्या कडा करपल्या, मग आख्खी पानं. वहिनी बादल्यांवर बादल्या गोडं पाणी ओतत होती. मी मुळाभोवतीची माती काढून नवीन घातली, म्हणजे माझ्या बुद्धीप्रमाणे जे जे करून झाड लवकर मरेल ते ते केलं. अध्यक्षांनी साध्या लाल जास्वंदीवर त्याची कलमं बांधली. एक धरलंसं वाटलं, मग तेही काळं पडलं. वहिनीने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात फांद्या दिल्या, प्रत्येकाला नाव सांगून, म्हणून दाखवायला लावून. एकाकडेही जगलं नाही. निदान कुणी येऊन जगलं म्हणून सांगितलं नाही.

मे महिन्यात एका सकाळी आम्ही चहा घेत होतो. वहिनी आमच्या दारात उभी राहिली. पायांना माती, हात भिजलेले. तिने दादाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "गेला."

एवढंच. आणि उंबऱ्यावर बसून ती रडायला लागली. इस्पितळात नाही, दहाव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. ते सगळं तेव्हा निघालं. नाव घेऊन, छाती बडवून, गावाकडच्या बायका रडतात तसं. माझ्या बायकोने तिला कवेत घेतलं, पण ती आवरेना. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. कुणीतरी मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, "कोण गेलं हो?"

मी 'झाड' म्हणणार होतो. ते म्हणवेना. 'दादा' म्हणावं तर तो दीड वर्षापूर्वी गेलेला, आणि ह्या गृहस्थांनीच खांदा दिलेला. मी नुसता हात हलवला. ते मान खाली घालून वर निघून गेले.

वहिनीला झोपवून, मागचं झाड उपटून माझी बायको दुपारी घरी आली. झाड मी उपटायला हवं होतं, पण मी ऑफिसला निघून गेलो होतो. संध्याकाळी आलो तर तिने चहा ठेवला, समोर बसली, आणि आधी मला वाटलं ती त्या खाऱ्या मातीबद्दल काहीतरी बोलणार.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही तुमच्यामागे असलं काही लावून ठेवू नका. मला दोनदा नाही जमायचं."