वाळवंटातला दिवाळीचा किल्ला

कोपरापर्यंत चिखल, नखांत वाळू, आणि नाकात ओल्या गोणपाटाचा तो उग्र, हवाहवासा वास... दिवाळी म्हटली की मला आधी हे आठवतं, फराळ नंतर! अबूधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या तळमजल्यावर आम्ही राहायचो. उन्हाळा सरून वारा जरा माणसाळला, की अंगणात माझा किल्ला उभा राहू लागायचा. हो, माझाच. धाकटा भाऊ रोहन चिखलाला शिवायचासुद्धा नाही. ‘आय हेट मड’ म्हणत तो उंबऱ्याशी रांगोळीचे ठिपके मांडत बसायचा – आणि काय देखणी काढायचा लेकाचा! ज्याचे हात जिथे रमतील तिथे रमू देत, एवढंच आईचं म्हणणं.

इथली वाळू मोठी लबाड. भिजवली की शहाण्यासारखी उभी राहायची, दुपारच्या उन्हात वाळली की भसकन खाली. शेवटी बाबांनी मुसफ्फातल्या त्यांच्या कामाच्या वर्कशॉपमधून लोखंडी जाळीचे उरलेसुरले तुकडे आणून दिले. जाळी वाकवायची, तिच्यावर ओलं गोणपाट, त्यावर नर्सरीतली काळी माती, उतारावर अळीव पेरायचे... आणि काही दिवसांत वाळवंटात हिरवागार डोंगर! मला आनंदाने वेड लागायचंच बाकी असायचं.

त्या वर्षी रत्नागिरीहून आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, तिने अंगणात पाऊल टाकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. किल्ला मुलांनी करायचा, रांगोळी मुलींनी. तुमच्या आखातात सगळंच उलटं की काय, म्हणाली. रांगोळीचा डबा माझ्या हातात आला आणि रोहनची रवानगी चिखलात झाली. माझे ठिपके वेडेवाकडे पडू लागले. तिकडे रोहनने रडत रडत माझा बुरुज दाबला आणि तो पार बसला. किल्ला कायमचा हातचा गेला, असंच वाटलं मला.

चहाचा कप घेऊन बाबा बाहेर आले. त्यांनी एकदा आम्हां दोघांकडे पाहिलं आणि आत्याला म्हणाले,

“सुमे, राहू दे. किल्ला तिचा आहे.”

आत्या त्यांच्याकडे वळली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “मला कधी म्हणालास असं, दादा? लहानपणी आपल्या किल्ल्याचे दगड मी वाहायचे, पाणी मी आणायचे. बुरुजाला मात्र कधी हात लावू दिला नाहीस.”

बाबांनी कप खाली ठेवला, चिखलाचा एक गोळा मळला आणि तिच्यापुढे धरला. आत्याने बांगड्या काढून आईकडे दिल्या, पदर खोचला आणि बसकण मारली. रांगोळीपाशी परतलेला रोहन ‘यल्ला आत्या, यल्ला’ असं अरबीत ‘चल, चल’ करत नाचत होता. आमचा तो दिवस कसा गेला, काय सांगू! आत्याचा बुरुज ढेरपोट्या झाला, किंचित कललासुद्धा. पण जेवायला चार हाका मारल्या तरी बाई उठायला तयार नाही. दिवाळीत वर्कशॉपमधली कोकणातली मंडळी फराळाला आली, तेव्हा बाबा एकेकाला हाताला धरून अंगणात नेत होते आणि हा बुरुज माझ्या बहिणीने बांधलाय, असं सांगत होते.

आत्या आता नाही. बाबा रत्नागिरीला परतलेत, थकलेत. पण दिवाळी आली, आळीतली मुलं माती कालवू लागली, की काठी टेकत तिथे जातात... आणि बघत उभ्या असलेल्या मुलींच्या हातात आधी चिखलाचा गोळा देतात.