मामंजींची सातशे वर्षांची तलवार

माझे मामंजी लढाईच्या काळात ब्रह्मदेशात हवालदार होते. तिथून येताना त्यांनी एक जपानी तलवार आणली. आर्वीच्या घरी ती बैठकीतल्या भिंतीवर टांगलेली असे. मुठीजवळ पात्यावर १२४७ असा आकडा होता. मामंजींच्या मते ते साल होतं, त्यामुळे आल्यागेल्याला ते तलवार सातशे वर्षांची म्हणून दाखवत. मी नवी सून, सातवी पास. एकदा धीर करून म्हटलं, की आकडे तर इंग्रजी आहेत, सातशे वर्षांपूर्वीच्या जपान्याला ते कुठून येणार? ते लोक पहिल्यापासून हुशार, असं उत्तर मिळालं.

मग त्यांना कळलं, की पुलगावला फौजेतून निवृत्त झालेले एक मिस्त्री अशा हत्यारांची पारख करतात. किंमत लिहून घ्यायची ठरली. लिहायला मी सोबत.

पाहुण्याकडे मळकं भांडं नेऊ नये, तशी मी आदल्या दिवशी तलवार चिंच आणि विटेच्या भुग्यानं घासली. मुठीवरचा तपकिरी रंग निघाला आणि खालून पांढरं चकचकीत काहीतरी दिसलं. मी घाबरले. मामंजी मात्र बराच वेळ मूठ उलटसुलट करत राहिले आणि हळूच म्हणाले, "चांदी हाये पोरी. कोणाले सांगू नको."

सकाळी आम्ही छोट्या आगगाडीनं निघालो. तलवार गोधडीत गुंडाळलेली. समोरच्या म्हाताऱ्यानं एकतारी आहे का विचारलं. चांदीच्या काळजीनं मामंजी हो म्हणाले. मग डब्यातले लोक भजनासाठी मागे लागले, आणि मामंजींना पुलगाव येईपर्यंत गावं लागलं. एकतारी काढा म्हटलं तरी ते गोधडी काही सोडेनात. शेवटी एकानं एकतारीशिवायच चांगलं जमतं असं सांगितलं.

मिस्त्री अंगणात खाटेवर वाटाणे सोलत बसले होते. त्यांनी तलवार हातात घेतली, नखानं मूठ टिचकावली आणि शांतपणे समजावलं. जुन्या तलवारीची मूठ लाकडाची, वर माशाचं खरबरीत कातडं, त्यावर दोरा गुंडाळलेला. बांबूची खुंटी काढली की मूठ सुटते आणि आतल्या गंजलेल्या लोखंडावर लोहाराचं नाव सापडतं. तो गंज कधी घासायचा नाही, त्यावरूनच वय कळतं. ही मूठ ॲल्युमिनियमची, दोऱ्याचा आकार साच्यातच ओतलेला. आणि १२४७ हा कारखान्याचा नंबर.

मग त्यांनी म्यान पाहिलं. त्यावर वेगळाच नंबर होता. म्यान दुसऱ्या तलवारीचं निघालं.

"याच्यावर रंग होता. कोणं खरवडला? रंगासंगं अर्धी किंमत गेली."

माझे कान तापले. मामंजींनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "पावसानं गेला."

मिस्त्रींनी वर निरभ्र आभाळाकडे पाहिलं. किंमत पंधरा रुपये सांगितली. मी सांगतो तसं लिहून घे, असं मला म्हणाले. मी लिहिलं: जपानी तलवार, कारखान्यातली, तिकडच्या फौजेत शिपायांवरच्या हवालदाराला मिळणारी, म्यान परकं.

परतीच्या वाटेवर मामंजी भराभर पुढे चालत राहिले. मला वाटलं, मनाला लागलं. स्टेशनवर बाकावर बसल्यावर त्यांनी कागद पुन्हा वाचायला लावला. हवालदार हा शब्द आला तसे ते थांबवून म्हणाले, "म्हणजे माह्या बरोबरीचाच होता. मी त्याले जनरल समजत होतो."

आणि मग त्यांनी कधी कोणाला न सांगितलेलं सांगितलं. लढाई संपल्यावर हरलेले जपानी रांगेत येऊन हत्यारं ठेवत होते. या तलवारीच्या मालकानं कमरेत वाकून ती दोन्ही हातांनी पुढे केली. मामंजींना अशा वेळी काय करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं.

"मले काही सुचलं नाई. मी रामराम म्हटलं."

मी विचारलं, मग तो काय म्हणाला?

"त्यानंबी म्हटलं," मामंजी म्हणाले, आणि गाडी आली का ते बघायला उठले.