कोळीवाड्यातली फवारणी

ठाण्याला खाडीकाठच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. स्वराज्य नवं होतं आणि हिवताप जुना. पावसाळा सरता सरता कोळीवाड्यात घरोघरी माणसं हुडहुडी भरून पडायची. त्यात डीडीटी नावाचं औषध आलं. ते घरातल्या भिंतींवर मारायचं होतं, पण कोळणी फवारणीवाल्यांना उंबऱ्यापाशीही उभं करीनात. मग फवारणीवर नेमलेले सरकारी डॉक्टर माझ्याकडे आले.

"बाई, तुमचं ऐकतील. औषधानं डास मरतात, एवढंच सांगा. जास्त सांगितलं की लोक गोंधळतात."

मला पटलं. विज्ञान सोपं करून सांगायचं म्हणजे केवढं मोठं काम, अशा मिजाशीत मी दारोदार फिरले. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण सगळ्यांत हट्टी. तिची सून पोटुशी होती. "माझ्यावर विश्वास आहे ना? मग घे मारून," मी म्हटलं. तिनं दार उघडलं आणि तिचं बघून अख्ख्या वाड्यानं उघडलं.

फवारणीनं भिंतींवर पांढरे ओघळ उठले. लगेच नवरात्र आलं. देवी बसायची म्हणजे घर सारवलंच पाहिजे. बायकांनी कुडाच्या भिंती शेणामातीनं खालपासून वरपर्यंत सारवल्या. मी कौतुकसुद्धा केलं. औषध सारवणाखाली गेलं आणि डास त्यावर खुशाल बसू लागले. दिवाळीच्या आधी सुनेला ताप भरला. ती वाचली, पोटातलं मूल गेलं.

मी तणतणत डॉक्टरांकडे गेले. "औषधावर सारवायचं नसतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की. पण सणाच्या तोंडावर सारवू नका म्हटलं असतं, तर एकीनं तरी दार उघडलं असतं का? आपल्याला घरं फवारून व्हायला हवी होती."

आपल्याला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या शब्दावर मी दारोदार फिरले त्यानंच केसानं गळा कापला, आणि वर मला आपल्यातलीच धरून चालला होता.

तशीच उठून कोळणीकडे गेले. डॉक्टरांनी मला फसवलं, मला हे खरंच ठाऊक नव्हतं, असं रडत रडत सांगितलं. ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"तुला ठाव नव्हता, त आमाना सांगाला कनाला आलीस, बाय?"